रीलच्या ट्रायपॉडपासून घरच्या नळापर्यंत: जगाचे आटे जुळवणारा जोसेफ व्हिटवर्थ

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधलं एखादं जुनं वर्कशॉप डोळ्यांसमोर आणा. कोपऱ्यात एक ब्रिटिश लेथ मशीन पडलंय. मशीन दणकट आहे, मोटर चालू आहे, फक्त एक बोल्ट तुटलाय. शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानातून तेवढ्याच जाडीचा नवा बोल्ट येतो. दोन-तीन वेढे हाताने मस्त बसतो. मग अडकतो. कोणीतरी पाना लावून जोर देतं आणि कर्रकन आवाज होतो.

आतले आटे गेले.

पन्नास-साठ वर्षं चाललेलं मशीन दहा-वीस रुपयांच्या बोल्टपायी भंगाराच्या रस्त्याला लागतं ते असं. डोंबिवली, अंबरनाथ, कल्याण, ठाणे या सगळ्या कारखान्यांच्या पट्ट्यात काम केलेल्या कुठल्याही फिटरला हा किस्सा सांगून बघा, तो मान हलवेल. कारण जुन्या मशीनवरचे आटे आजच्या आट्यांसारखे दिसतात, पण ते आजचे नसतात.

मग ते कुणाचे असतात?

बऱ्याचदा ते एका माणसाचे असतात. त्याचं नाव जोसेफ व्हिटवर्थ. हार्डवेअरच्या दुकानात बोल्टच्या पुडक्यावर बीएसडब्ल्यू असं लिहिलेलं असतं ना, त्यातला डब्ल्यू म्हणजे हाच. ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ.

ज्या काळात प्रत्येक कारखान्याचा नट वेगळा आणि बोल्ट वेगळा होता, त्या काळात या माणसाने अख्ख्या देशाचे आटे एका मापात आणले. तो कोण होता, त्याने हे कसं केलं आणि त्याचे आटे आजही आपल्या घरात कसे आहेत, तेच बघू.

आईविना पोर ते पळून गेलेला भाचा

२१ डिसेंबर १८०३. इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्ट गावात जोसेफचा जन्म झाला. वडील चार्ल्स व्हिटवर्थ शाळामास्तर होते, पुढे ते धर्मोपदेशक झाले. जोसेफ लहान असतानाच आई गेली आणि घर विस्कटलं. त्याला ब्रॅडफर्डजवळच्या एका शाळेत ठेवण्यात आलं.

चौदाव्या वर्षी त्याची रवानगी डर्बीशरमधल्या मामांच्या सूतगिरणीत झाली. मामांचा विचार सरळ होता. पोरगा हुशार आहे, धंदा शिकेल, पुढे गिरणी सांभाळेल.

पोरगा धंदा शिकला, पण त्याचं लक्ष सुतात नव्हतं. ते सूत काढणाऱ्या यंत्रात होतं. यंत्रं ओबडधोबड होती, खडखडायची, सारखी बिघडायची. हे यापेक्षा चांगलं बनवता येईल, असं त्याला वाटायला लागलं. चारेक वर्षांत त्याने गिरणी सोडली आणि मँचेस्टर गाठलं. मामांच्या बाजूने बघायचं तर पोरगा पळून गेला होता.

मँचेस्टरमध्ये तो साधा मेकॅनिक म्हणून कामाला लागला. १८२५ मध्ये फॅनी अँकर्सशी लग्न झालं आणि दोघं लंडनला गेले.

तेव्हाच्या लंडनमध्ये हेन्री मॉड्सले नावाच्या माणसाचा कारखाना होता. अचूक यंत्रं बनवायची तर मॉड्सलेकडे शिकायचं, असा तो जमाना. व्हिटवर्थ तिथे लागला. पुढे त्याने होल्टझॅप्फेलकडे आणि जोसेफ क्लेमंटकडेही काम केलं. क्लेमंट म्हणजे चार्ल्स बॅबेजच्या डिफरन्स इंजिनाचे भाग बनवणारा कारागीर. आपण ज्याला संगणकाचा पूर्वज म्हणतो, ते हेच इंजिन.

म्हणजे डिग्री नाही, कॉलेज नाही, पण शिक्षण मात्र त्या काळातल्या सगळ्यात भारी वर्कशॉपमध्ये झालं.

दोन नाही, तीन प्लेट

मॉड्सलेकडे असताना व्हिटवर्थच्या डोक्यात एक प्रश्न शिरला. लोखंडाचा पृष्ठभाग अगदी सपाट कसा करायचा?

प्रश्न साधा वाटतो. पण सपाट आहे की नाही हे तपासायला आधीच सपाट असलेलं काहीतरी लागतं. ते आणायचं कुठून?

दोन प्लेट एकमेकींवर घासल्या तर? दोन्ही एकमेकींना चिकटून बसतील, पण फसवतीलही. एक थोडी फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असेल तरी त्या छान जुळतात.

यावर उपाय म्हणजे तिसरी प्लेट. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी आणि तिसरी पहिलीशी जुळली पाहिजे. तिन्ही जोड्या जुळायच्या तर एकच शक्यता उरते. तिन्ही सपाट असल्या पाहिजेत.

तीन प्लेटची कल्पना मॉड्सलेच्या कारखान्यात आधीपासून होती असंही मानलं जातं. पण व्हिटवर्थने पद्धत बदलली. तोवर प्लेटमध्ये एमरीची पूड टाकून त्या घासल्या जायच्या. पूड कुठे जास्त घासेल, कुठे कमी, यावर कुणाचाच ताबा नसायचा. व्हिटवर्थने पूड बाजूला ठेवली. एका प्लेटला रंग लावायचा, दुसरी तिच्यावर टेकवायची, जिथे रंग लागला तो उंचवटा, तेवढाच हाताने खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा खरवडणं.

शेजारच्या बाकावरच्या जुन्या कारागिराने आधी त्याला हसण्यावारी नेलं होतं म्हणतात. काम पूर्ण झालेलं बघितल्यावर त्यालाही मान्य करावं लागलं.

आज ठाण्या-डोंबिवलीच्या टूलरूममध्ये निळा रंग लावून ब्लू मॅचिंग करतात आणि स्क्रेपरने लेथचा बेड खरवडतात, त्यामागे हेच तर्कशास्त्र आहे.

१८३३ मध्ये व्हिटवर्थ मँचेस्टरला परतला. चोर्लटन स्ट्रीटवर वाफेच्या शक्तीची सोय असलेली एक खोली भाड्याने घेतली आणि बाहेर पाटी लावली. टूल बनवणारा, लंडनहून आलेला, असा त्याचा मजकूर होता. फॉरेन रिटर्न म्हणून मिरवण्यातलाच प्रकार, फक्त इथे फॉरेन म्हणजे लंडन.

प्रत्येक कारखान्याचा नट वेगळा

आता मूळ मुद्द्यावर येऊ.

नट-बोल्टचे आटे जुळायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. एक, जाडी, म्हणजे व्यास. दोन, पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर. इंची मापात हेच एका इंचात किती आटे आहेत असं मोजतात. तीन, आट्याचा कोन आणि आकार, म्हणजे दोन आट्यांमधली खाच किती अंशांची आहे आणि तिची टोकं गोल आहेत की चपटी.

यातली एक जरी गोष्ट चुकली तरी काम बिघडतं.

१८३० च्या दशकात इंग्लंडमधला प्रत्येक कारखानदार या तिन्ही गोष्टी आपल्या मनाने ठरवायचा. एका कारखान्यातल्या अर्ध्या इंची बोल्टला दुसऱ्या कारखान्यातला अर्ध्या इंची नट लागायचा नाही. कधी कधी एकाच मशीनवरचा नट त्याच मशीनवरच्या दुसऱ्या बोल्टला लागायचा नाही. मशीन खोललं की प्रत्येक नटावर आणि बोल्टावर खूण करून जोडी लावून ठेवावी लागे.

एकट्यादुकट्या मशीनपुरतं हे चालून जायचं. पण तोवर रेल्वे आली होती. इंजिन एका शहरात बनायचं, बिघडायचं दुसऱ्याच शहरात, आणि दुरुस्तीला तिसरीकडून माणूस यायचा. त्याच्या पेटीतला नट लागलाच नाही तर गाडी उभी.

व्हिटवर्थने काय केलं? त्याने स्वतःच्या डोक्यातून नवा आटा काढला नाही. इंग्लंडमधल्या नामवंत वर्कशॉपमधून बोल्ट गोळा केले, मोजले आणि त्यांची सरासरी काढली. सरासरी कोन आला सुमारे ५५ अंश. तोच त्याने कायम केला. प्रत्येक जाडीला एका इंचात किती आटे हवेत, तेही याच पद्धतीने ठरवलं.

आट्याची वरची आणि खालची टोकं त्याने गोलाकार ठेवली. वरचं टोक टोकदार असेल तर आपटून चेमटतं. खालची खाच टोकदार असेल तर तिथून भेग जायला सुरुवात होते. गोलाईमुळे दोन्हीचा धोका कमी झाला.

१८४१ मध्ये त्याने लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्ससमोर हे सगळं निबंधाच्या रूपात मांडलं. १/४ इंचाला २० आटे, ५/१६ ला १८, ३/८ ला १६, १/२ ला १२, ५/८ ला ११, ३/४ ला १० आणि १ इंचाला ८.

यात हुशारी कुठे होती? त्याचं माप सरासरीवर बेतलेलं असल्यामुळे कुणालाच ते अगदी परकं वाटलं नाही. प्रत्येकाला थोडंसंच बदलायचं होतं. शिवाय अचूक टॅप, डाय आणि गेज बनवून विकणारा कारखाना त्याचाच होता. म्हणजे नियम सांगणारा आणि तो नियम पाळायची हत्यारं देणारा माणूस एकच. रेल्वे कंपन्यांनी हे माप उचललं आणि १८६० च्या दशकापर्यंत ब्रिटनमध्ये तेच सर्रास चालू झालं.

आणि मग ते ठाण्याला आलं

१६ एप्रिल १८५३. बोरीबंदर ते ठाणे. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. ही तारीख ठाणेकरांना पाठच असते. १८५४ च्या मे महिन्यात हाच रस्ता कल्याणपर्यंत पोहोचला.

जीआयपी रेल्वेची ही सुरुवातीची इंजिनं बनली होती इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीत, न्यूटन-ल-विलोज नावाच्या गावात. नकाशात बघितलंत तर हे गाव मँचेस्टर आणि लिव्हरपूलच्या मधोमध आहे. म्हणजे व्हिटवर्थच्या कारखान्याचं शेजार.

इंजिनं, पूल, पंप, छापखान्याची यंत्रं, गिरण्यांची यंत्रं असं सगळं पुढची शंभर वर्षं ब्रिटनहून आपल्याकडे येत राहिलं. त्यांच्यासोबत त्यांचे आटे आले. आटे आले म्हणून ते पाडणारे टॅप-डाय आले, पाने आले आणि ते वापरणारे कारागीर इथे तयार झाले.

आपल्या कारागिरांनी त्याला देशी भाषाही दिली. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. त्यामुळे १/४ इंची बोल्ट झाला दोन सूत, ३/८ झाला तीन सूत, अर्धा इंच झाला चार सूत आणि ५/१६ झाला अडीच सूत. आजही कल्याणच्या हार्डवेअरच्या दुकानात चार सूतचा बोल्ट मागितलात तर कुणी चकित होऊन बघत नाही.

एका इंचाचे दहा लाख तुकडे

१८५१ मध्ये लंडनला ग्रेट एक्झिबिशन भरलं. जगभरातून यंत्रं आली. त्यात व्हिटवर्थच्या यंत्रांचा बोलबाला झाला. लेथ, प्लेनर, ड्रिल, आटे पाडायची यंत्रं आणि सोबत एक मोजमापाचं यंत्र.

हे मोजमापाचं यंत्र इंचाच्या दहा लाखाव्या भागाएवढा फरक दाखवू शकत होतं. तेव्हा साधा कारागीर फूटपट्टीवर इंचाच्या सोळाव्या किंवा बत्तिसाव्या भागापर्यंत मोजायचा. त्यापुढे सगळं हाताच्या अंदाजावर.

व्हिटवर्थचं म्हणणं होतं की इंचाचे असे निम्मे-निम्मे तुकडे पाडणं बंद करा. इंच दशांशात मोजा, हजाराव्या भागात मोजा. आजही आपल्याकडचे टर्नर दोन थाऊ घे, पाच थाऊ सोड अशी भाषा बोलतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. वर्कशॉपमध्ये ती सवय रुजवण्यात व्हिटवर्थचा मोठा हात होता.

१८५३ मध्ये ब्रिटिश सरकारने त्याला न्यूयॉर्कच्या प्रदर्शनासाठी अमेरिकेला पाठवलं. तिथे त्याने बंदुकांचे कारखाने बघितले. कुठलाही सुटा भाग कुठल्याही बंदुकीला बसतोय, कामं माणसांऐवजी यंत्रं करतायत, हे बघून तो प्रभावित झाला आणि परत येऊन त्याने तसा अहवाल दिला.

याच सुमाराला क्रिमियाचं युद्ध पेटलं. ब्रिटिश नौदलाला छोट्या गनबोटी हव्या होत्या, त्याही ताबडतोब. इंजिनं बनवायचं काम जॉन पेनकडे आलं. एका कारखान्याच्या आवाक्यातलं ते नव्हतं. तेव्हा नमुन्याचं इंजिन सुटं करून त्याचे भाग देशातल्या वेगवेगळ्या कारखान्यांना वाटून दिले गेले, असं सांगतात. प्रत्येकाने आपला भाग बनवून पाठवला, सगळे भाग एकत्र आले आणि जुळले.

वीस वर्षांपूर्वी हे शक्यच नव्हतं. कारण तेव्हा एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागत नव्हता.

ज्या बंदुकीला लष्कराने नाही म्हटलं

व्हिटवर्थच्या आयुष्यात सगळं जुळूनच आलं असं मात्र नाही.

क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश फौजेकडे एन्फिल्ड रायफल होती. हीच एन्फिल्ड पुढे १८५७ च्या उठावात काडतुसांच्या वादामुळे भारतात घराघरात माहीत झाली. तिच्यात सुधारणा कशी करता येईल, हे बघायचं काम सरकारने व्हिटवर्थला दिलं. व्हिटवर्थला बंदुकीचा अनुभव शून्य. त्याने मँचेस्टरमध्ये आपल्या घराजवळ ५०० यार्डांची बंदिस्त शूटिंग गॅलरी उभी केली आणि प्रयोग सुरू केले.

त्यातून निघाली षटकोनी नळीची रायफल. नळीला आतून सहा बाजू होत्या आणि तिला पीळ दिलेला होता. गोळीही षटकोनी. आटेवाल्या माणसाने बंदुकीतही आटाच आणला म्हणा ना.

१८५७ च्या चाचणीत ५०० यार्डांवर एन्फिल्डच्या गोळ्या सरासरी २.२४ फूट फाकल्या. व्हिटवर्थच्या फक्त ०.३७ फूट. १८६० मध्ये विम्बल्डनच्या नेमबाजी स्पर्धेचं उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने व्हिटवर्थ रायफलनेच केलं. ४०० यार्डांवरून पहिली गोळी लक्ष्याच्या मध्यापासून सव्वा इंचावर लागली. अर्थात रायफल आधीच स्टँडवर पक्की बसवलेली होती, राणीने फक्त दोरी ओढली.

एवढं होऊनही लष्कराने ती घेतली नाही. नळी अरुंद असल्यामुळे दारूची काजळी साचून ती लवकर तुंबायची. शिवाय किंमत भरमसाठ. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांकडे काही व्हिटवर्थ रायफली पोहोचल्या आणि तिथे त्यांनी दरारा निर्माण केला. १८६४ मध्ये उत्तरेचा जनरल जॉन सेजविक लांबून आलेल्या गोळीने मारला गेला, ती गोळी व्हिटवर्थचीच होती असं मानलं जातं.

तोफांच्या बाबतीतही तेच. विल्यम आर्मस्ट्राँग हा त्याचा कडवा प्रतिस्पर्धी. कुणाची तोफ चांगली यावरून दोघांत वर्षानुवर्षं जुंपली, चाचण्या झाल्या, समित्या बसल्या. व्हिटवर्थ हट्टी होता, टीका त्याला सहन व्हायची नाही.

नियतीचा खेळ बघा. त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १८९७ मध्ये, त्याची कंपनी आर्मस्ट्राँगच्या कंपनीत विलीन झाली. नाव पडलं आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ. आयुष्यभर न जुळलेली दोन नावं पाटीवर एकत्र आली.

मग सगळ्या जगात एकच आटा का नाही?

कारण प्रत्येकाला आपला आटा हवा होता.

१८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने वेगळा आटा मांडला. त्याचं म्हणणं असं की ५५ अंशांचा कोन आणि गोल टोकं बनवायला अवघड. ६० अंशांचा कोन आणि चपटी टोकं ठेवली तर साधा कारागीरही ते सहज पाडू शकतो. अमेरिकेने सेलर्सचं ऐकलं.

युरोपात मेट्रिक आटे आले. ब्रिटनमध्येही बारीक कामासाठी १८८४ मध्ये बीए नावाचे आटे आले, त्यांचा कोन साडेसत्तेचाळीस अंश. सायकलींसाठी वेगळे आटे आले, एका इंचात २६ वगैरे. मग १९०८ मध्ये बारीक पिचचा बीएसएफ आला.

याची किंमत दुसऱ्या महायुद्धात कळली. ब्रिटन आणि अमेरिका एकाच बाजूने लढत होते, पण त्यांचे नट-बोल्ट एकमेकांना लागत नव्हते. शेवटी नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने मिळून युनिफाइड आटा मान्य केला. कोन ६० अंशांचा. म्हणजे ५५ अंश हरले.

भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली आणि टप्प्याटप्प्याने लागू झाली. नवीन मशीनवर एम ८, एम १०, एम १२ असे मेट्रिक बोल्ट आले. पण जुनी मशीनं कुठेच गेली नाहीत. त्यामुळे एकाच शेडमध्ये शेजारी शेजारी व्हिटवर्थ, अमेरिकन आणि मेट्रिक असे तिन्ही आटे नांदायला लागले. भारतात बनलेल्या जुन्या बुलेट मोटरसायकलवरसुद्धा ब्रिटिश आट्यांचे प्रकार सापडतात.

जुना आटा ओळखायचा कसा?

आजोबांचा व्हाइस, भंगारातून आणलेलं ड्रिल मशीन किंवा जुनी बुलेट खोलायला घेतली असेल तर हे लक्षात ठेवा.

१. आधी साफ करा. रॉकेल आणि वायर ब्रश. गंज आणि जुना रंग आट्यांत असेल तर सगळी मापं चुकतात.

२. बाहेरचा व्यास मोजा. व्हर्नियर कॅलिपरने. माप नेहमी नावापेक्षा किंचित कमी येतं. १२.६ मिलिमीटर आलं तर तो अर्धा इंच असण्याची शक्यता जास्त, कारण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. ११.९ आलं तर एम १२.

३. पिच मोजा. पिच गेज मिळतं, दातेरी पात्यांचा जुडगा असतो. जे पातं उजेड न दिसता आट्यात बसेल ते आपलं. गेज नसेल तर आट्यांना शाई लावून बोल्ट कागदावर दाबा आणि एका इंचात किती रेघा आल्या ते मोजा.

४. कोन बघा. गेजच्या पात्यावर ५५ किंवा ६० लिहिलेलं असतं. भिंगातून बघितलं तर व्हिटवर्थच्या आट्याची टोकं गोलसर दिसतात. मात्र जुना आटा झिजूनही गोल होतो, त्यामुळे नुसत्या नजरेवर जाऊ नका. जिथे झीज कमी असते, तिथे म्हणजे डोक्याजवळ बघा.

५. अर्ध्या इंचाची चाचणी. पाव इंचापासून एक इंचापर्यंतच्या नेहमीच्या मापांत व्हिटवर्थ आणि अमेरिकन यूएनसी यांची आटेसंख्या सारखीच आहे. अपवाद एकच, अर्धा इंच. व्हिटवर्थला १२ आटे आणि अमेरिकनला १३. मशीन कोणत्या देशाचं हे कळत नसेल तर आधी त्याचा अर्ध्या इंची बोल्ट शोधा.

६. अडीच सूतचा सापळा. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर. एम ८ म्हणजे ८ मिलिमीटर. डोळ्यांना फरक दिसणं अशक्य. पण व्हिटवर्थचं पिच १.४१ मिलिमीटर आणि एम ८ चं १.२५. दोन-तीन वेढे जातील, मग अडकेल. सुरुवातीला सांगितलेली दुर्घटना बऱ्याचदा अशीच घडते.

७. हाताने फिरवा, पान्याने नाही. योग्य आटा शेवटपर्यंत बोटांनी फिरतो. अडकला की थांबा.

पान्यांचाही एक घोळ आहे. जुन्या व्हिटवर्थ पान्यावर १/२ डब्ल्यू लिहिलेलं असेल तर त्याचं तोंड अर्ध्या इंचाचं नसतं. अर्धा इंच ही बोल्टची जाडी. पान्याचं तोंड ०.९२ इंच, म्हणजे सुमारे २३.४ मिलिमीटर असतं. त्यावर २३ चा पाना बसत नाही आणि २४ चा ढिला होतो. २४ चा लावून जोर दिला की नटाचे कोपरे गोल होतात. मग छिन्नी आणि हातोडा.

मुलगा नव्हता, पण वारस खूप होते

१८६८ मध्ये व्हिटवर्थने शिष्यवृत्ती सुरू केली. वर्षाला ३,००० पौंड, दरवर्षी १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या, होतकरू तरुणांना यंत्रशास्त्र शिकता यावं म्हणून. त्याचा हेतू असा की विज्ञान शिकणाऱ्याला हाताचं काम यावं आणि हाताचं काम करणाऱ्याला विज्ञान कळावं. स्वतः गिरणीतून पळून येऊन शिकलेल्या माणसाला त्याची किंमत माहीत होती. व्हिटवर्थ शिष्यवृत्ती आजही दिली जाते.

१८६९ मध्ये त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला आणि तो सर जोसेफ झाला. घरात मात्र फारसं सुख नव्हतं. फॅनी आणि तो वेगळे राहत होते. १८७० मध्ये ती गेली आणि १८७१ मध्ये त्याने मेरी लुईझा ऑरेलशी लग्न केलं. मूलबाळ झालं नाही.

या वयातही तो थांबला नाही. तोफांच्या नळ्या फुटायच्या, कारण पोलाद ओतताना आत हवेचे बुडबुडे राहायचे. वितळलेलं पोलाद घट्ट होत असतानाच त्यावर प्रचंड दाब द्यायची पद्धत त्याने विकसित केली.

तब्येत ढासळल्यावर तो हिवाळ्यात उबदार हवेसाठी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याकडे जायला लागला. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लोला त्याचं निधन झालं. वय ८३. डर्बीशरमधल्या डार्ली डेलमध्ये त्याला पुरण्यात आलं, मामांची गिरणी होती त्याच जिल्ह्यात.

त्याच्या संपत्तीचा मोठा भाग लोकांसाठी खर्च झाला. मँचेस्टरची व्हिटवर्थ आर्ट गॅलरी त्यातूनच उभी राहिली.

तो आजही घरात आहे

ब्रिटनने व्हिटवर्थचे आटे सोडले, भारतानेही कागदावर सोडले. पण एक जागा अशी आहे जिथून त्याला कोणी हलवू शकलं नाही. तुमच्या न्हाणीघरातला नळ.

पाण्याच्या पाइपचे बीएसपी आटे व्हिटवर्थच्याच आकाराचे आहेत. कोन ५५ अंशांचा, टोकं गोल. अर्ध्या इंची नळाचे आटे मोजून बघा, व्यास अर्धा इंच येणारच नाही. तो जवळपास २१ मिलिमीटर येतो आणि एका इंचात १४ आटे असतात. कारण अर्धा इंच हे माप मुळात पाइपच्या आतल्या भोकाचं होतं, बाहेरच्या आट्याचं नाही. प्लंबरला हे पाठ असतं. ऑनलाइन मागवलेला परदेशी शॉवर डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये गळायला लागला तर आधी त्याचे आटे अमेरिकन तर नाहीत ना, हे बघा.

दुसरी जागा तुमच्या मोबाइलजवळ आहे. रील शूट करायला वापरता तो ट्रायपॉड. वरचा तो छोटा स्क्रू जगात कुठेही जा, पाव इंची असतो आणि एका इंचात २० आटे असतात. आज तो अमेरिकन मापात मोजला जातो, पण १/४ ला २० ही जोडी १८४१ च्या त्या यादीतलीच आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन सूतचा आटा.

वागळे इस्टेटमधल्या त्या जुन्या लेथचं काय? ते वाचवता येतं. आटे गेलेलं भोक मोठं करून त्यात बुश बसवायचं आणि त्यात पुन्हा मूळ मापाचे आटे पाडायचे. त्यासाठी फक्त दोन गोष्टी लागतात. चार सूतचा बीएसडब्ल्यू टॅप, आणि पाना हातात घेण्याआधी आटे मोजणारा माणूस.